मायच्या चंचीतलं वचन

आमच्या वसमतच्या ख्रिस्ती मंडळीत एक जानेवारीला सकाळची उपासना संपली की पितळेची परात फिरते. परातीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायची. ते तुमचं वर्षाचं वचन. कुणी ते फ्रीजवर चिकटवतं, कुणी मोबाइलच्या कव्हरात घालतं, कुणी संध्याकाळपर्यंत हरवून बसतं. या चिठ्ठ्या लिहायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते आणि माझं अक्षर बरं आहे, एवढीच माझी पात्रता. स्वभावही बरा असता तर मंडळीनं आणखी कामं दिली असती, असं आमच्या चर्चच्या पाळकांनी एकदा हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नव्हते.

खरं सांगते, मला त्या चिठ्ठ्यांचा वैताग आला होता. दरवर्षी तीच वचनं. घाबरू नका, भरभराट होईल, शत्रू पळून जातील, या थाटाची. लोक चिठ्ठी उघडायचे, वाचायचे, डोळ्यांना पदर लावायचे आणि म्हणायचे, "हे तर खास माझ्यासाठीच आलंय!" अरे बाबा, खास तुझ्यासाठी कसं येईल? मीच तेच वचन बारा जणांसाठी लिहिलंय, हात दुखेपर्यंत.

त्यात तरुणांचा तो रविवार दुपारचा गट. कीबोर्ड, ढोल, वर केलेले हात आणि रडणं. एकानं सुरुवात केली की ओळीनं सगळे. एकदा त्यातली एक पोरगी बाहेर पडता पडता मैत्रिणीला म्हणाली, "आज काही वाटलंच नाही गं," आणि तोंड असं केलं की वरणात मीठ पडलं नव्हतं जणू. माझं डोकंच फिरलं. माझे वडील याच मंडळीत वाचक होते. ते म्हणायचे, वाचावं, पाठ करावं, पाळावं. त्यात वाटायचं काय? मी त्यांच्यावरच गेले. पाठांतरात मला कुणी हरवू शकत नाही आणि प्रार्थनेत माझ्या डोळ्यांतून टिपूस कधी आलं नाही. याचा मला अभिमान होता, लपवत नाही.

तर त्या डिसेंबरात मी पाळकांना सांगितलं, यंदा पवित्र शास्त्राच्या सहासष्टच्या सहासष्ट पुस्तकांतून एकेक वचन घेणार. गोड असो, कडू असो.

"ताई," ते म्हणाले, "लोक नवीन वर्षाच्या सकाळी येतात हो. परीक्षेला नाही येत."

"मग शास्त्र काय मिठाईचं दुकान आहे? पेढेच तेवढे उचलायचे?"

त्यांनी हात जोडले. माझ्या निम्म्या वयाचा माणूस, कुठवर भांडणार? मी चार संध्याकाळी बसून सहासष्ट चिठ्ठ्या लिहिल्या. आणि आता कबूल करायलाच हवं, काही वचनं मी माणसं डोळ्यांसमोर ठेवून निवडली. आमच्या मंडळीत एक वडीलधारे गृहस्थ आहेत. ऐंशीला टेकले तरी जमिनीची वाटणी करत नाहीत आणि दोन्ही पोरं उपासनेत एकमेकांकडे पाठ करून बसतात. त्यांना मनात धरून मी एका संदेष्ट्याचा निरोप लिहिला. एका आजारी माणसाला तो सांगतो, त्याचा अर्थ असा की बाबा, घरदार नीट लावून ठेव, तू या दुखण्यातून उठत नाहीस. मी घडी घातली आणि म्हटलं, लागली म्हाताऱ्याच्या हाताला तर लागू दे. जरा झोंबू दे.

आता माझ्या मायबद्दल सांगते. माय शाळेत गेली नाही. उभा जन्म तिनं वसमतच्या हळदीच्या आडतीत काढला, हळकुंडं निवडण्यात. तिच्या नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. कमरेला पानसुपारीची कापडी चंची, तीही पिवळी. तिला अक्षर येत नाही, म्हणून शास्त्र तिला आधी वडिलांच्या तोंडून कळलं आणि वडील गेल्यावर माझ्या. माझं लग्न झालं नाही. हा विषय मंडळीतल्या बायकांनी माझ्यापेक्षा जास्त चघळलाय. आम्ही दोघीच. रोज दिवेलागणीला मी ओट्यावर बसून एक अध्याय वाचायचे, क्रमानं, एकही न गाळता. माय सुपारी कातरत ऐकायची.

ऐकायची म्हणजे मधे मधे बोलायची. मला ते अजिबात खपायचं नाही. वाचनात कुणी मेलं की ती रडायची. कुणी घर सोडून निघालं की रडायची. एकदा एका आजारी राजाचा अध्याय होता. तो राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, इथवर आले तर मायनं अडकित्ता खाली ठेवला आणि डोळे पुसायला लागली.

"काहून रडून राहिली?" मी म्हटलं. "त्याला मरून हजारो वर्षं झाली!"

"मग काय झालं? तवा तर रडत व्हता ना बिचारा."

पुढे त्याच अध्यायात त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावतात. तिथंही तिनं मला थांबवलं. "अंजीर म्हंजी उंबरावानीच का गं? का गोड असतंय जरा? ते दुखण्यावर कसं लावत असतील, ठेचून का उकडून?" मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, हे देवाचं वचन आहे, स्वयंपाकाचं पुस्तक नाही. ती पुन्हा सुपारी कातरायला लागली.

त्याच डिसेंबरात मायच्या पोटात गाठ सापडली. नांदेडच्या डॉक्टरांनी जानेवारीचा तिसरा आठवडा सांगितला. म्हणाले, ऑपरेशन केलं तर आशा आहे. नाही केलं तर उन्हाळा निघणार नाही. इतकं स्पष्ट. मी परतीच्या एसटीत तिला सगळं समजावून सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "आत्ता काही म्हणत न्हाई. नव्या वर्षाचं वचन येऊ दे. देव काय म्हणतो ते बघू, मग व्हय का न्हाई ते सांगते."

"माय, चिठ्ठीवर कुणी ऑपरेशन ठरवतं का?"

"तू ठरवू नको. मी ठरवते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की परातीत काय आहे. पण माणसाला आपण स्वतः घातलेली काडी दिसत नाही. मला वाटलं, सहासष्टांत बरीच बरी वचनं आहेत, लागेल एखादं.

एक जानेवारीला माय पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती, नवं लुगडं, डोक्यावरून पदर. परात तिच्यापुढे आली तशी तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, बराच वेळ हात चिठ्ठ्यांवरून फिरवला आणि एक उचलली. ज्यांना वाचता येत नाही त्यांची चिठ्ठी मी वाचून दाखवते, हीही आमची रीतच. तिनं ती माझ्या हातात दिली. मी उघडली.

माझंच अक्षर. घर नीट लाव. तू उठत नाहीस.

माय वर बघत होती, तोंड जरासं उघडं, मी खाऊ आणलाय अशा आशेनं. शेजारी चार बायका कान लावून. मी त्या कागदाकडे बघितलं आणि जे कागदावर नव्हतं ते वाचलं. देव म्हणतो, मी तुला बरं करीन, तुझ्या जखमा भरून काढीन, अशा अर्थाचं एक वचन मला पाठ होतं, ते अगदी संदर्भासकट म्हणून टाकलं. बायका म्हणाल्या, "स्तुती असो!" मायनं चिठ्ठी परत घेतली, घडी घातली, चंचीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं स्वतःहून सांगितलं, "जाऊ नांदेडला."

म्हणजे झालं की काम. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. शास्त्राला साखर लावू नका म्हणून अख्ख्या मंडळीशी भांडलेली बाई मी, आणि भर उपासनेत, हातात कागद धरून, मी खोटं वचन वाचलं होतं. शाळेत वह्या तपासताना बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या. स्वयंपाकघरातले डबे काढून घासले, पुन्हा लावले, पुन्हा काढले. रविवारी व्यासपीठावरून पाठ वाचायला उभी राहिले. वाटलं, समोरच्यांनी विचारलं की बाई, हे तरी तिथं लिहिलंय का, तर काय सांगू?

त्याहून वाईट म्हणजे माय. आमच्याकडे कुणी आलं की तिची चंची उघडायची. "माझं वचन ऐका," म्हणायची आणि चिठ्ठी पुढे करायची. "वाच की गं जरा." मी असेन तिथून धावत यायचे. हातातलं लाटणं टाकून, डोक्यावरून पाणी ओतता ओतता. कुणाच्या हाताला कागद लागायच्या आत तो ओढून घ्यायचे, नाकासमोर धरायचे आणि ते गोड वचन म्हणायचे. एकदा आडतीतली बाई बघायला आली होती. तिनं कागद हातात घेतलाही होता. मी म्हटलं, "तुम्हाला नाही लागायचं ते, बारीक अक्षर आहे," आणि हिसकावलाच. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मायनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मग मी दुसरी चिठ्ठी लिहिली. तोच कागद, तेच पेन, गोड वचन. माय न्हाणीत गेली की चंचीतली बदलायची, असा बेत. माणूस एकदा घसरला की कुठवर जातो बघा. चंची खुंटीला होती. आत हात घातला तर पाठीमागून आवाज.

"काय शोधून राहिली?"

"सुपारी," मी म्हटलं.

"तू कवापासून सुपारी खाया लागली?"

आता खाल्ल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खांड घशात अडकलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मायनं पाठीवर थापट्या मारल्या आणि चंची काढून स्वतःच्या कमरेला बांधली. ती त्यानंतर खुंटीला कधी दिसली नाही.

शेवटी मी पाळकांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, हा पोरगा आता मला धीर देईल, म्हणेल ताई, देव समजून घेतो. त्यानं तसलं काहीच केलं नाही. चष्मा काढून पुसत बसला.

"त्यांना खरं वाचून दाखवा," तो म्हणाला.

"आणि तिनं ऑपरेशनला नाही म्हटलं तर? तुम्ही येणार का खांदा द्यायला?"

"येईन," तो म्हणाला. "पण वचन त्यांचं आहे ना ताई. तुम्ही ते ठेवून घेतलंय."

मी तिथून तरातरा निघाले. रस्ताभर त्याला शिव्या दिल्या, ख्रिस्ती माणसाला शोभतील तेवढ्याच. ऑपरेशन होईपर्यंत नाही म्हणजे नाही. नंतर सांगेन. नंतर पाया पडेन. तिला जगवायचं की खरं बोलायचं, यातलं एकच मला जमणार होतं आणि मी जगवणं निवडलं होतं. त्या रविवारी दुपारी मी चोरासारखी तरुणांच्या गटात मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, निदान रडू तरी येईल, छाती हलकी होईल. पोरं हात वर करून हमसून रडत होती. "काही वाटलंच नाही" म्हणणारी तीच पोरगी आता जमिनीला कपाळ लावून होती. मी खांबाला टेकून कोरडी ठणठणीत. पहिल्यांदा मला त्या पोरांचा हेवा वाटला.

इकडे मायनं वेगळंच मांडलं होतं. आधी गोधड्या काढल्या. दोन आमच्याजवळ ठेवल्या, बाकी वाटून टाकल्या. मग पेटीतली लुगडी. शेजारी औंढ्याच्या देवस्थानात कारकून असलेल्या गृहस्थांचं बिऱ्हाड आहे. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. मायची आणि त्यांची गट्टी. वहिनींना तिनं आपला नेहमीचा अडकित्ता देऊन टाकला. मी म्हटलं, "मग तू कशानं कातरशील?" तर म्हणाली, "बघू." वडिलांच्या वेळची कागदपत्रं तिनं माझ्याकडून वाचून घेतली, एका पिशवीत घातली आणि पिशवी कुठं ठेवलीय ते मला दोनदा दाखवलं. मी करवादले. "ऑपरेशनला चालली आहेस की घर सोडून?" ती म्हणाली, "पसारा नको वाटून राहिला."

आणि मग घागर. मायची धाकटी बहीण सेनगावकडे साखऱ्याला असते. त्यांच्या आईच्या तांब्याच्या घागरीवरून दोघींचं बोलणं बंद होतं. किती वर्षं, ते दोघींनाही नीट सांगता येत नव्हतं. घागर आमच्याकडे होती. माय म्हणाली, ही साखऱ्याला पोचवायची. ऑपरेशनला आठ दिवस राहिलेले, पोटात गाठ, आणि ही बाई घागर घेऊन एसटीनं अर्धा जिल्हा ओलांडणार! मी खूप आदळआपट केली आणि घागर मांडीवर घेऊन तिच्याबरोबर गेले. दुसरं काय करणार?

मावशी दारातच उभी होती. घागरीकडे बघितलं, मायकडे बघितलं. "येवढ्यासाठी आली व्हय?" म्हणाली. माय म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं व्हतं. घे." मग दोघी अशा रडल्या की शेजारची माणसं जमली. मी अंगणात हरभरा सोलत बसले, कारण मला कुठं बघावं कळत नव्हतं. निघताना मायनं तिथंही चंची उघडली. मावशीची सून बारावी शिकलेली; तिनं हात पुढे केला. मी हरभऱ्याचे घाटे टाकून उठले, चिठ्ठी घेतली आणि म्हटलं, देव तुला बरं करील, तुझ्या जखमा भरून काढील. सतराव्यांदा की अठराव्यांदा. मायनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी थकल्यासारखं होतं. मला वाटलं, प्रवासानं असेल.

ऑपरेशनच्या सकाळी नांदेडच्या दवाखान्यात नर्स आली आणि म्हणाली, आजी, बांगड्या काढा, कमरेचं काय आहे ते काढा. मायनं चंची सोडली. आतल्या कप्प्यातून चिठ्ठी काढली. हळदीच्या बोटांनी कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला. तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

"वाच."

मी घडी न उघडताच सुरुवात केली. देव म्हणतो, मी तुला...

तिनं माझं मनगट धरलं. "कागद उघडून वाच."

मी तिच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. हिरवा गाऊन घातलेला, केस मोकळे, इतकी लहानशी दिसत होती.

"माय..."

"मला ठावं हाय त्यात काय हाय. त्याच दिवशी दुपारी वहिनीकडून वाचून घेतलं."

"त्याच दिवशी? आणि तू मला काही बोलली नाहीस?"

"तुझा आवाज हालला व्हता गं. तू वाचती तवा तुझा आवाज हालतो का कधी? कोर्टाचा हुकूम वाचावा तसं वाचती. त्या दिवशी म्हणलं, येवढं गोड वचन अन् हिचा आवाज काहून हालून राहिला? मग तुझ्या माघारी वहिनीला इचारलं. तिला म्हणलं, पोरीला सांगू नको. तिनं न्हाई सांगितलं. लई चांगली हाय ती."

"मग तू रोज ज्याला त्याला ती चिठ्ठी का दाखवत होतीस?"

"ज्याला त्याला कुठं?" ती म्हणाली. "तू जवळ असली तरच काढायची मी. तू पळत येऊन घेशील म्हणून. म्हणलं आज तरी खरं वाचल, उंद्या तरी वाचल. किती येळा दिली तुझ्या हातात."

मी आठवायला लागले. आडतीतली बाई, साखऱ्याची सून, सगळे. वहिनी सोडल्या तर एकदाही ती चिठ्ठी माझ्या पाठीमागे बाहेर आली नव्हती. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. मी इतकंच विचारलं की खरं कळल्यावर ती ऑपरेशनला तयार कशी राहिली.

"न्हाई राहिले. त्या दुपारी म्हणलं, देवानंच सांगितलं, आता कशाला चिरफाड? पर वहिनी गेली अन् मला त्यो राजा आठवला. हे त्याचंच वचन हाय ना? त्यालाच सांगितलं व्हतं ना घर लावून ठेव म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

"मग त्यो भिंतीकडं तोंड करून रडला. अन् देवानं त्याचं रडणं बघितलं अन् आयुष्य वाढवून दिलं. तूच तर वाचलं व्हतं. अन् देवानं बोललं तरी त्याला अंजिराचा लेप लावलाच की! औषध चुकलं का त्याला? मग मी बी म्हणलं, घर बी लावून ठेवायचं अन् औषध बी करून घ्यायचं. त्यात काय इतकं?" ती जरा थांबली. दम लागला होता. "तू अर्धंच लिवलं पोरी. पुढचं न्हाई लिवलं."

तो अध्याय मला तोंडपाठ आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यातली एक ओळ मी एका म्हाताऱ्याला झोंबावी म्हणून फाडून घेतली होती, आणि ती मायच्या हाताला लागल्यावर तीन आठवडे मी वेड्यासारखी धावत होते, तरी उरलेला अध्याय माझ्या मनात एकदाही आला नव्हता. आला तो तिच्या. जिला मी वाचताना मधे बोलू नको म्हणून ओरडले होते, तिच्या.

"आता वाच," ती म्हणाली. "लवकर. ती बाई थांबलीय."

नर्स खरंच दारात उभी होती. मी कागद उघडला. एकच ओळ. पहिल्या शब्दाला आवाज फुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. तिसऱ्या वेळी वाचली, जशी आहे तशी, शेवटपर्यंत. अक्षरं दिसत नव्हती, पण ती माझीच होती, मला ठाऊक होती.

"आता बराबर वाचलंस," माय म्हणाली. तिनं माझ्या गालावर हात फिरवला. मग खाटेवर नीट आडवी झाली आणि नर्सला म्हणाली, "चला बाई. घर आवरून आले मी."

गाठ काढली. माय त्या खोलीतून परत आली आणि पुढे सव्वा वर्ष होती. अडकित्ता वहिनींकडून मागून आणला, मावशीला दोनदा बोलावून घेतलं, आणि दिवेलागणीला मी वाचत असताना मधे बोलणं काही सोडलं नाही. पुढच्या डिसेंबरात मी चिठ्ठ्यांवर प्रत्येक वचनाखाली बारीक अक्षरात लिहिलं: पूर्ण अध्याय वाचा. पाळक म्हणाले, ताई, परीक्षा संपली नाही वाटतं. मी म्हटलं, नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी तिला आत नेलं, दार बंद झालं आणि मी बाकावर बसले, मुठीत तो पिवळा कागद. प्रार्थना करायची होती. हजार वचनं पाठ असलेल्या बाईला एक आठवेना. समोर भिंत होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, शांतता राखा. मी भिंतीकडे तोंड केलं, आणि शांतता काही राखली नाही.